तोंडातलं बाहेर काढू नये

३ ऑक्टोबर

दादा,

पत्राची सुरुवात ऋतूने करावी, मग समोरच्याची तब्येत विचारावी आणि आपलं काम अगदी शेवटी, जणू आत्ताच आठवलं अशा बेताने लिहावं, ही आत्याची शिकवण तुलाही ठाऊक आहे. ऋतूबद्दल एवढंच की नासपत्या झाडांवरून उतरवल्या. तुझी तब्येत बरी असेल असं मी धरून चालते, कारण आजारी असतास तरी तू कळवलं नसतंस. आता काम. काल मी एक गोळी गिळली, आणि तेव्हापासून मला जेवण जात नाही.

घाबरू नकोस, औषधाची नव्हे. आपल्याच कारखान्याची, नव्या नासपतीच्या चवीची.

सोमवारी वरच्या खोलीत चव बघायला बसलो. ओळ तीच आहे, तू गेल्यावर फक्त एक उशी कमी झाली. आधी बाबा, मग कढईवरचे ओनोदेराकाका, मग गुंडाळणीवरच्या किकुनोबाई, शेवटी मी. बाबांनी गोळी तोंडात टाकली, डोळे मिटले, बराच वेळ चावली आणि म्हणाले, "जमलीय."

मग बाकीच्यांनी तोंडात टाकली.

पहिला चावा गोड होता. दुसऱ्या चाव्याला किकुनोबाईंच्या मुलीकडे असते ती बाटली आठवली, नखांचा रंग पुसायची. तिसऱ्या चाव्याला ती बाटली माझ्या नाकात चढली. डोळ्यांत पाणी आलं. आणि गोळी संपेचना! आपली गोळी लवकर संपत नाही हेच तर तिचं कौतुक. ती दाढांना धरून राहते, मऊ होते, पुन्हा घट्ट होते, आणि प्रत्येक वेळी नव्याने तो वास सोडते. मी ओनोदेराकाकांकडे पाहिलं. त्यांचा जबडा अगदी संथ चालला होता, म्हातारा बैल रवंथ करतो तसा. किकुनोबाईंच्या कपाळावर घाम होता.

"काय ओनोदेरा?" बाबांनी विचारलं.

"जमलीय मालक. भरपूर नासपती आहे."

"किकुनो?"

"भरपूरच की हो!" किकुनोबाई म्हणाल्या आणि घाईने चहा प्याल्या.

मग बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला बोलताच येत नव्हतं, कारण मी गिळत होते. मी मान हलवली. ती मान कुठल्या दिशेने हलली हे मला अजून नीट सांगता येत नाही. बाबांनी होकार समजला.

तुला आता हसू येत असेल. येऊ दे. तू इथे असतास तर काय केलं असतंस ते मला माहीत आहे, घरातल्या सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच तर तू इथे नाहीस. पण मला ते जमत नाही दादा. शाळेत जाण्याआधी आत्याच माझी शाळा होती. अक्षरांच्याही आधी तिने मला तोंड शिकवलं. तोंडात घातलेलं बाहेर काढू नये. एकदा माशाचा काटा तोंडात आला तेव्हा मी तो गिळून टाकला होता आणि दोन दिवस घसा धरून बसले होते. आत्याने ती गोष्ट शेजारणींना कौतुकाने सांगितली होती. अजूनही सांगते.

आणि आजोबांची ती गोष्टही. युद्धानंतर स्टेशनवरचे अमेरिकन शिपाई रबर चघळायचे आणि खांबाला चिकटवून जायचे, आजोबांना शिसारी आली, आणि त्यांनी ठरवलं की चावायला रबरासारखी पण गिळायला अन्नासारखी गोळी करायची. गुंडाळणीवर येणाऱ्या प्रत्येक नव्या पोरीला आत्या अजून ती ऐकवते, आणि मग कारखान्याच्या पाटीकडे बोट दाखवते: शिराइवा, थुंकायला काही उरत नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला बाबा सगळ्या व्यापाऱ्यांना गरम झऱ्यांवरच्या हॉटेलात बोलावणार आहेत, नव्या गोळीसाठी. स्टेशनांवरच्या दुकानांत, भेटवस्तूंच्या खोक्यांत, सगळीकडे आपल्या गावची नासपती जावी असं त्यांच्या मनात आहे. ही गोळी त्यांच्यापुढे गेली तर सगळं संपेल. त्याआधी कुणीतरी बाबांना सांगायला हवं. एवढंच विचारायला लिहिलं: तू एकदा येशील का?

थंडी सुरू होईल, जपून राहा.

फुमिए


१९ ऑक्टोबर

दादा,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर "तूच सांग ना" एवढंच? वरच्या कोपऱ्यात बंदराचं चित्र आहे म्हणून आत्याने ते उलटसुलट करून पाहिलं. मी म्हटलं, मैत्रिणीचं आहे. या घरात मला आता खोटं बोलायलाही सराव होऊ लागला आहे.

मी सांगणार होते. खरंच. मंगळवारी मी बाबांच्या मागे अर्काच्या कपाटापर्यंत गेले. तेवढ्यात ते वळून म्हणाले, "फुमिए, मागच्या खेपेला अर्क जरा कमी पडला होता ना?" आणि माझ्या तोंडून निघालं, "तुम्हाला वाटतं तसं." त्यांनी अजून घातला.

त्यांना वास येत नाही, दादा. आता लिहूनच टाकते. एप्रिलमध्ये त्यांना ताप आला होता. ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. कुणी तसं म्हणत नाही, पण मी पाहते ना. परवा ते शेगडीशेजारी वर्तमानपत्र वाचत बसले होते, जाळीवर बांगडा कोळसा होईपर्यंत जळला, खोलीत धूर झाला तेव्हा त्यांनी मान वर केली. वासाने नाही, डोळे चुरचुरले म्हणून. मिसोच्या सारात ते मिरपूड घालतात. आपल्या घरात! आत्या बघते आणि वाटी पुढे सरकवते.

अर्क ते आता नजरेने घालतात. नासपतीचा तो अर्क थेंबात असला तर नासपती असतो, आणि जास्त झाला की भिंती रंगवायचं पातळ रसायन होतो. हे त्यांनीच आपल्याला शिकवलं होतं, आठवतं? आपण दोघं लहान होतो, त्यांनी कागदाच्या पट्ट्या बुडवून आपल्या नाकाखाली धरल्या होत्या. तू एका पट्टीला शिंकलास आणि ते खूप हसले होते.

मी ओनोदेराकाकांकडे गेले. ते कढई घासत होते.

"काका, तुम्ही तरी सांगा ना त्यांना."

"काय सांगू?"

"की घाण लागते म्हणून."

"मालक म्हणाले जमलीय."

"पण तुमची जीभ काय म्हणते?"

"ताई, माझी जीभ मालकांच्या वडिलांपासून या कारखान्यात कामाला आहे. तिला वर मान करून बोलायची सवय नाही." मग त्यांनी घासणी आपटली आणि हळूच म्हणाले, "तुम्ही मुलगी आहात. मुलगी सांगू शकते."

किकुनोबाईंकडे गेले तर त्या म्हणाल्या, "अगं बाई, मी दोन घरी नेल्या. आमच्या ह्यांना दिली एक. चावता चावता म्हणतात कसे, कुठली भिंत रंगवतेयस गं?" बाकीच्या बायका हसून हसून टेबलावर आडव्या झाल्या. मी पण हसले. मग मी विचारलं की हे बाबांना सांगाल का, तर सगळ्यांचे हात एकदम भराभर कागद गुंडाळायला लागले.

आत्याला विचारायची काही गरज नव्हती, तरी विचारलं. ती म्हणाली, "कर्त्या पुरुषाच्या चवीला नावं ठेवायची नसतात."

"मग गोळी विकली गेली नाही तर?"

"तर ती लोकांची चूक."

मला या सगळ्यांची किळस यायला लागली आहे. हे लिहायला बरं नाही, पण खरं आहे. जेवताना मी त्यांची तोंडं बघते. चावतात, गिळतात, छान म्हणतात. दिवसभर चावतात, गिळतात, छान म्हणतात. माझंही त्यांच्यातलंच एक तोंड. केसांना तो गोड वास, बाह्यांना तो गोड वास, कारखान्याच्या फरशीवर चप्पल उचलताना चट् चट् आवाज होतो. मी रोज दोनदा केस धुते. आत्या म्हणते, अशाने टक्कल पडेल आणि मग कोण करून घेईल तुला.

तुझ्या वेळची द्राक्षाची गोळी काय एवढी वाईट होती? मी तेव्हा विचारलं नाही. मला फक्त एवढं आठवतं की बँकेचे साहेब समोर बसले होते, तू कागद काढलास, त्यात थुंकलास, कागदाची घडी घातलीस आणि ताटलीत ठेवलीस. कुणीच ओरडलं नाही. बाबा एवढंच म्हणाले, "या तोंडाने माझ्या घरात जेवायचं नाही." सगळे निघून गेल्यावर आत्याने ती ताटली फोडली.

तू आलास तर ते तुला हाकलतील हे मला माहीत आहे. पण आधी ऐकतील.

फुमिए


८ नोव्हेंबर

दादा,

तू आला नाहीस. मी हॉटेलच्या दारापाशी प्रत्येक बसकडे पाहत होते, हे लिहू की नको याचा विचार करत होते. लिहिलं.

चव बघण्याचा समारंभ उत्तम झाला. सगळे म्हणाले, उत्तम. आता मी तुला खरं काय झालं ते सांगते. तू जेवायच्या आधी हे पत्र उघडलं असशील तर जेवून घे, मग पुढचं वाच.

व्यापारी आले, गरम पाण्यात डुंबले, आणि हॉटेलचे ते सुती झगे घालून लाल लाल चेहऱ्यांनी मोठ्या खोलीत दोन रांगांत बसले. बाबांनी नवा कोट घातला होता. त्यांनी आजोबांची ती शिपायांची गोष्ट सांगितली, सगळ्यांनी शंभरदा ऐकलेली, आणि सगळे बरोबर त्या त्या ठिकाणी हसले. मग मी आणि हॉटेलच्या मुलींनी प्रत्येकापुढे ताटली ठेवली. बाबांनी स्वतः पहिली तोंडात टाकली. मग सगळ्यांनी.

खोलीत नुसता चावण्याचा आवाज. इतकी माणसं एकदम गप्प बसून एवढा वेळ काहीतरी चावताहेत असा आवाज तू ऐकला आहेस का? ओल्या मातीतून खूप माणसं चालल्यासारखा. मी भिंतीशी गुडघ्यांवर बसून त्यांचे चेहरे पाहत होते. सगळ्यांचे चेहरे आधी गोड झाले, मग थबकले, मग एकेक करून पुन्हा गोड झाले. हे पुन्हा गोड होणं मला बघवेना.

मुराई, आपले सगळ्यांत मोठे व्यापारी, आधी बोलले. ते बोलेपर्यंत कुणी बोललं नसतं. म्हणाले, "शिराइवासाहेब, धाडसी चव!"

"धाडसी," शेजारचे म्हणाले.

"जोरकस," त्यांच्या पलीकडचे.

"विसरता यायची नाही," कुणीतरी कोपऱ्यातून म्हणालं, आणि तेवढं एक वाक्य खरं होतं.

बाबा इतके खाली वाकले की कपाळ चटईला टेकलं. उठले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. लहान मुलासारखे. मग मद्य आलं, मासे आले, मुराईंनी शेतातलं कुठलंसं चावट गाणं म्हटलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे गेल्यावर हॉटेलची बाई मला शोधत आली. वयस्कर, अगदी नीटनेटकी. तिने दोन्ही हातांनी माझ्यापुढे एक प्लास्टिकची पिशवी धरली आणि वाकून म्हणाली, "आपल्या पाहुण्यांचं काही राहिलंय. टाकून द्यावं की कसं, म्हणून विचारते."

पिशवीत पातळ कागदांच्या छोट्या छोट्या पुड्या होत्या. मी एक उघडली. आत चावलेली गोळी. राखाडी, दातांच्या खुणा असलेली, ओलसर, कागद तिला असा चिकटलेला की वेगळा होईना. दुसरीही तशीच. मग मी उघडायचं थांबवलं.

"कुठे सापडल्या?"

"झग्यांच्या बाह्यांमध्ये," ती म्हणाली. "धुवायला टाकायच्या आधी आम्ही बाह्यांच्या पिशव्या झटकतो. थोड्या फुलदाणीत होत्या. एक त्या चित्राच्या मागे." मग फार दिलगिरीने म्हणाली, "आणि काही टेबलाच्या खालच्या बाजूला चिकटवलेल्या आहेत, त्या आम्ही खरवडून काढू. आपण काळजी करू नये."

टेबलाखाली, दादा! आजोबांनी स्टेशनच्या खांबावर पाहिलं तेच. आपल्या पाटीखाली, आपल्या गोळीने, आपल्या माणसांनी. तुझं निदान कागदात होतं, ताटलीत होतं, समोर होतं. यांनी हसत हसत तोंड पुसायचं निमित्त केलं, बाहीत सारलं आणि "धाडसी" म्हणाले. मला बाईसमोर ओकारी आली. मी खिडकीकडे वळले. ती बिचारी म्हणाली, "प्रवासाचं पित्त असेल."

परतीच्या वाटेवर ती पिशवी माझ्या मांडीवर, गाठोड्याच्या कापडात बांधलेली. बाबा गाडी चालवत होते. ते चक्क शीळ घालत होते.

"फुमिए, पाहिलंस? सगळ्यांनी गिळली."

मी म्हटलं, "हो बाबा."

पिशवी मी कारखान्यामागच्या भट्टीत जाळली. जळताना फक्त साखरेचा वास आला, छान वास. त्याचीच मला सगळ्यांत जास्त किळस आली.

फुमिए


२१ नोव्हेंबर

दादा,

मागणी आली नाही. एकही नाही. बाबा फोनच्या खोलीत बसून असतात. मुराईंच्या माणसाने एकदा फोन केला, तो फार नम्र होता, द्राक्षाची आणि सफरचंदाची नेहमीएवढी पाठवा म्हणाला आणि नासपतीबद्दल म्हणाला की "विचार चालू आहे, अगदी मनापासून चालू आहे." तुला या वाक्याचा अर्थ मी सांगायला नको.

काल दुपारी बाबा स्वयंपाकघरात आले. आत्या मुळा किसत होती, मी तांदूळ धूत होते. त्यांच्या हातात ताटली होती.

"मुराईंना जोरकस आवडली ना," ते म्हणाले, "अजून थोडा अर्क घातलाय. बघ."

अजून! मी हात पुसले. गोळी घेतली. त्या वासानेच डोळे झोंबत होते. तोंडात टाकली, दात रोवले, आणि त्यानंतर मी काही ठरवलं नाही. तुला वाटेल मी धीट झाले. मी धीट झाले नाही. माझ्या घशाने नकार दिला, एवढंच. ती बाहेर आली. माझ्या तळहातावर, लाळेसकट, बाबांच्या समोर, देव्हाऱ्यातल्या आजोबांच्या फोटोच्या समोर.

आत्या किंचाळली. "अगं मेले! फुमिए! तोंड धर!" आणि मुळ्याच्या हातांनीच माझा हात झाकायला धावली, जणू मी नागडी उभी आहे.

बाबांनी तिला बाजूला केलं. त्यांनी माझा तळहात आपल्या हातात घेतला. मला वाटलं मारतील. त्यांनी ती गोळी, माझी चावलेली, ओली गोळी, दोन बोटांनी उचलली आणि आपल्या नाकाशी धरली. अगदी नाकपुडीला लावून. खोल श्वास घेतला. मग दुसऱ्या नाकपुडीला.

"काही नाही," ते म्हणाले.

त्यांनी गोळी नाकापासून दूर धरली आणि माझ्याकडे पाहिलं.

"कसला वास येतो?" त्यांनी विचारलं.

"बाबा..."

"सांग. मला काही येत नाही. कसला?"

"थिनरचा," मी म्हटलं. "नखांचा रंग पुसायच्या बाटलीचा. नासपती कुठेच नाही. तोंडात घेववत नाही बाबा. हॉटेलात कुणीही गिळली नाही. सगळ्यांनी बाह्यांत थुंकली." आणि मग मी सगळं सांगितलं, पिशवी, फुलदाणी, टेबल. थांबताच येईना. रडतही होते, नाक गळत होतं, तेही तोंडात जात होतं. किळसवाणी दिसत असेन.

ते खाली बसले. स्वयंपाकघराच्या लाकडी पायरीवर. गोळी अजून त्यांच्या बोटांत होती.

"नाक मेलंय हे मला एप्रिलपासून माहीत आहे," ते म्हणाले.

"मग विचारलं का नाही कुणाला?"

"मालकाने विचारायचं? 'बघा हो, गोळी नासपतीसारखी लागते का, मला कळत नाही' असं?" ते हसल्यासारखं काहीतरी करत होते. "मी आपला जास्त जास्त घालत गेलो. म्हटलं, कधीतरी कुणाला तरी सहन होणार नाही. ओनोदेराला तरी. प्रत्येक खेपेला त्याच्या तोंडाकडे बघायचो. तो आपला म्हणतो, जमलीय."

"तुम्ही आधी म्हणायचात जमलीय!"

"मी आधी म्हणणारच. मी मालक आहे."

आत्या भिंतीकडे तोंड करून उभी होती. मुळ्याचं पाणी तिच्या कोपरांवरून गळत होतं.

दादा, मला वाटलं होतं की खरं सांगितल्यावर मला त्यांची दया येईल. आली नाही. मला त्यांचीही किळस आली. त्यांनी आम्हा सगळ्यांना विष चारल्यासारखं चारलं आणि आमची तोंडं बघत बसले. आणि आम्ही तेवढ्याच लायकीचे, आम्ही गिळत बसलो. कोण कुणाला शिक्षा करत होतं ते मला अजून कळलेलं नाही.

मी इथे लिहिणार होते की त्यांनी तुझं नाव घेतलं. वाक्य तयार होतं मनात, चांगलं होतं, ते वाचून तू कदाचित आला असतास. पण त्यांनी घेतलं नाही. ते उठले, ती गोळी त्यांनी मोरीत टाकली, हात धुतले आणि जाताना म्हणाले, "सोमवारपासून पहिली गोळी तू खायचीस. मी शेवटी."

फुमिए


१७ डिसेंबर

दादा,

बर्फ पडलं. ऋतूचं लिहून झालं.

तुझं पत्र मिळालं, यावेळी खरंच पत्र. "आता तुम्हाला माझी गरज नाही" असं तू लिहिलंस, आणि त्याआधी माझं अभिनंदन केलंस. अभिनंदन परत घे.

मी पहिल्या उशीवर बसते. बाबा माझ्या जागी, दाराकडे. पहिल्या खेपेला ओनोदेराकाकांनी स्वतः माझ्यापुढे ताटली धरली. मी म्हटलं, "अर्क फार आहे, आंबटपणा कमी." ओनोदेराकाका लगेच म्हणाले, "फारच आहे! मी म्हणणारच होतो." किकुनोबाई म्हणाल्या, "ताईंची जीभ म्हणजे जीभ हो!" मला बरं वाटलं. लपवत नाही, फार बरं वाटलं. आम्ही अर्क कमी केला, ओनोदेराकाकांनी यंदाच्या नासपत्यांचा रस आटवून घातला, आणि प्रत्येक खेपेला गोळी थोडी माणसात येत गेली.

मागच्या सोमवारी मी गोळी तोंडात घेतली आणि ती कडू लागली. जिभेच्या मागच्या बाजूला, मुळापर्यंत कडू. मी म्हटलं, "कडू झाली. रस जास्त आटला."

"कडूच की," ओनोदेराकाका म्हणाले. "कढईत मला शंका आलीच होती."

"घशाशी येतंय कडू," किकुनोबाई म्हणाल्या आणि तोंड वाकडं केलं. बाबांनी चावली, अर्थात त्यांना काहीच कळत नाही, ते म्हणाले, "फुमिए म्हणते तर कडू."

सगळी खेप डुकरांसाठी देऊन टाकली. ओनोदेराकाकांनी स्वतः पिंप उचललं.

संध्याकाळी माझ्या ॲप्रनच्या खिशात एक गोळी राहिलेली सापडली. वाया का घालवा म्हणून खाल्ली. दादा, ती नासपती होती. शेतातून आत्ताच आणलेली, हातात धरल्यावर बोट आत जाईल अशी पिकलेली नासपती. इतकी चांगली गोळी आपल्या कारखान्यात कधी झाली नव्हती. मी पायरीवर बसून ती शेवटपर्यंत चावली, आणि मग आठवलं. हॉटेलानंतर माझं पोट बिघडलेलंच आहे. रोज सकाळी आत्या मला पोटाची पूड देते, ती काळी, झाडपाल्याची. त्या दिवशी उशीर झाला म्हणून मी पूड घेऊन, पाणीही न पिता, थेट वर गेले होते. कडू माझी जीभ होती.

ओनोदेराकाकांची जीभ तर कडू नव्हती. किकुनोबाईंचीही नव्हती. त्यांच्या तोंडात त्या वेळी ती नासपती होती, तीच, आणि तिच्यावर त्यांनी तोंडं वाकडी केली.

मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावून सांगितलं. चूक माझी होती, गोळी उत्तम होती. मग ओनोदेराकाका म्हणाले, "तरीच. मला वाटलंच होतं की बरी आहे."

आता बाबा माझ्याकडे तसे बघतात, जसे ते एप्रिलपासून या सगळ्यांच्या तोंडांकडे बघत असतील. आम्ही दोघं आता एकमेकांना नीट समजतो. मला हे समजणं नको आहे. मला त्यांच्या जागी बसून म्हातारं व्हायचं नाही, सगळं कडू आहे म्हणत, आणि समोरचे सगळे कडूच म्हणताहेत.

म्हणून परत विचारते, पण यावेळी बाबांसाठी नाही. त्यांना सांगून झालंय. ते तुला जेवायला वाढतील की नाही हे मला माहीत नाही, मी वाढेन, स्वयंपाकघरात, पायरीवर. सोमवारी सकाळी नऊला आम्ही बसतो. माझ्या शेजारी बस, मी म्हणेन कडू, आणि तू म्हण, "फुमिए, तुझी जीभ तपास."

फुमिए